पाठ आहे, वाचता येत नाही!

बालवर्गातली पाच वर्षांची मुलगी पावसाच्या गाण्याचा तक्ता समोर घेऊन ओळींवरून बोट फिरवत मोठ्याने 'वाचत' असते. बाई मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवून विचारतात, "हे काय?" मुलगी गप्प. "पाठ आहे नुसते, वाचता येत नाही," असा निकाल लागतो, तक्ता काढून घेतला जातो आणि मुळाक्षरे गिरवायला पाटी हातात येते. हा निकाल साफ चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचा दोष बाईंपेक्षा आपणा साहित्यवाल्यांकडे अधिक जातो, हेही.

पाठ असलेली ओळ बोटाखाली धरणे हे वाचनाचे सोंग नाही. कानाला ठाऊक असलेले डोळ्यांना प्रथम भेटते ते इथेच. बोलण्याचा सलग ओघ कागदावर तुटक दिसतो, तुकड्यांमध्ये मोकळी जागा असते, ओळ संपली की डोळ्यांना पुन्हा डावीकडे यावे लागते, हे सारे त्या बोटाला कळू लागलेले असते. कधी बोट ओळीच्या टोकाला पोचते आणि तोंडातली ओळ अजून शिल्लक असते. मूल थबकते, मागे जाते, पुन्हा जुळवून पाहते. ही थबक वर्गात ज्याला दिसली नाही, त्याने वाचन शिकवण्याच्या गप्पा मारू नयेत.

यमकाचे काम इथे सुरू होते. पावसाच्या कवितेत सर, घर, वर, भर हे शब्द ओळींच्या शेवटी येणारच. ते एकाखाली एक लिहिले की कानाला जे सारखे वाटते ते डोळ्यांनाही सारखे दिसते: 'र' जागचा हलत नाही, बदलते ते त्याआधीचे अक्षर. इंग्रजीत सारख्या ऐकू येणाऱ्या शेवटांची स्पेलिंगे तीन-चार तऱ्हांची असतात, त्यामुळे तिथल्या मुलाला ही सोय नेहमी मिळतेच असे नाही. (इंग्रजी गाण्यातला पाऊस हाकलला जातो आणि आपला बोलावला जातो, हा जुना विनोद आता पुरे.) शिवाय सुटा 'र' म्हणताना आपण त्यातला 'अ' उच्चारतो, 'सर' म्हणताना तो गळतो. हा नियम पाच वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येत नाही; गाण्यात तो न सांगता कळतो.

मोरोपंतांच्या यमकांवर आपण प्रश्नपत्रिका काढतो. मात्र यमक लिपीकडे नेणारी वाट होऊ शकते, हा विचार आपल्या मराठी विभागांत कुणाला शिवत नाही. बालकविता आपल्या लेखी एका टिपणापुरती. विंदा करंदीकरांवर व्याख्यान देताना त्यांच्या बालकवितांना शेवटची पाच मिनिटे मिळतात, तीही वेळ उरल्यास.

तक्त्यावरच्या अननस, ऐरण आणि षट्कोनाकडेही पाहावे. चार वर्षांच्या मुलाने ऐरण कुठे पाहावी? आणि तक्त्यावर नाम नेहमी सरळ, एकटे उभे असते. भाषेत ते तसे राहत नाही. पाऊस येतो, पण आपण भिजतो पावसात. वीज चमकते, पण कडाडणे विजेचे. ऊन पडते आणि आपण उभे राहतो उन्हात. 'ऊ'चा 'व' होतो, दीर्घ ऱ्हस्व होते, कुठून तरी 'ह' येऊन बसतो. 'प पतंगाचा' म्हणत आलेले मूल इथे अडखळते. कविता ऐकत आलेल्या मुलाच्या तोंडी 'पावसात' आधीच असते, त्याला फक्त ते कागदावर शोधायचे असते.

कविता एकटी पुरेशी आहे, असे आम्ही म्हणत नाही. तक्ता उलटा धरूनही गाणे धडाधडा म्हणणारी मुले असतात. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी नेटाने शिकवावीच लागते. पण ती पाठ ओळीतून शिकवता येते: ओळी कापून पट्ट्या कराव्यात, क्रम बिघडवून लावायला सांगावे, एक शब्द झाकून 'इथे काय होते?' विचारावे, 'घर'च्या जागी 'सर' ठेवून हसू द्यावे. कात्री आणि कागद यांपलीकडे खर्च नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरून शिकवले. परिसरातला पाऊस तर आणावाही लागत नाही. जूनच्या मध्यावर, विदर्भात थोड्या उशिरा, शाळा आणि तो मागेपुढे येतात.

'कवितेला साधन करू नका' असा आक्षेप आमच्याच मित्रांकडून येतो. तो अर्धा खरा आहे. एखादे अक्षर घोटवण्यासाठी बेतलेली, यमकासाठी मोराला नाचवणारी पद्ये आम्हांलाही नकोत. मुलाची वाचलेली पहिली ओळ बेचव असेल तर दुसरी ते कशासाठी वाचेल? म्हणून तर कविता निवडताना साहित्याची जाण असलेला माणूस हवा. तो तिथे नसतो, मग तक्ते छापणारा निवडतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. अशा आकड्यांची घाई खाली बालवर्गापर्यंत झिरपते आणि गाणे म्हणण्याचा तास तिला पहिला बळी पडतो.

बीड जिल्ह्यातल्या अनेक ऊसतोड कुटुंबांतली मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. थंडीची कविता शिकवली जाते तेव्हा ती फडाच्या कडेला खोपीत असतात. गावच्या अंगणवाडीत त्यांच्या वाट्याला एकच ऋतू सलग येतो, पावसाळा. तेवढ्या महिन्यांत बाराखडी पुरी होत नाही. आठ ओळींची एक कविता कानातून डोळ्यांपर्यंत पोचू शकते, आणि ती दप्तर मागे राहिले तरी बैलगाडीत बरोबर जाते.