गिधाडांना सरहद्द नसते

आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाशात घिरट्या सुरू होत. आधी दोन-चार ठिपके दिसत, मग पाहता पाहता सारा थवा खाली उतरे. संध्याकाळपर्यंत तेथे हाडांखेरीज काही उरत नसे. घरात जटायूची गोष्ट भक्तिभावाने ऐकायची आणि माळावरच्या गिधाडाला पाहून नाक मुरडायचे, असा आमचा दुटप्पी व्यवहार होता. आज त्या माळावर भटकी कुत्री आहेत, दुर्गंधी आहे. गिधाडे मात्र नाहीत.

ती गेली कोठे? राजस्थानातील भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माना टाकून बसलेली, मग झाडावरून कोसळणारी गिधाडे दिसू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक उरले! रोगाची साथ असावी असा अनेकांचा कयास होता.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकन संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये सिद्ध केले, की मारेकरी रोग नसून औषध आहे. गुराढोरांना वेदना आणि सूज यांवर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि काही दिवसांतच त्याचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा संहार घडू शकतो. कारण एकाच जनावरावर सारा थवा जेवतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

लक्षण दिसले भारतात, कारण सापडले पाकिस्तानात. पर्यायी औषध मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, याची पहिली चाचणी झाली ती दक्षिण आफ्रिकेत. एरवी एका टेबलाशी बसायला कचरणारे शेजारी येथे मात्र एका वाटेने चालले. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली, २०१० मध्ये बांगलादेशाने. २०११ मध्ये ‘सेव्ह’ हा आंतरराष्ट्रीय संस्थांचा गट उभा राहिला आणि २०१२ मध्ये चारही सरकारांनी दिल्लीत संयुक्त जाहीरनामा केला. दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापणाऱ्या पक्ष्याला एकट्या देशाचा कायदा वाचवू शकत नाही, हे त्यांना उमगले होते.

मग घोडे अडले कोठे? माझ्या मते, दिल्ली-काठमांडूत नव्हे, तर गोठ्यात. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये आपल्याकडे कुपी तीन मिलिलिटरवर आणावी लागली. अॅसिक्लोफेनॅक हे औषध तर गुरांच्या शरीरात शिरून डायक्लोफेनॅकच बनते. ते आणि किटोप्रोफेन यांवर भारतात बंदी आली २०२३ मध्ये. किटोप्रोफेनबाबत बांगलादेशाने हे पाऊल २०२१ मध्येच उचलले होते. एक औषध बंद करावे तोवर दुसरे दुकानात यावे, असा हा पाठशिवणीचा खेळ.

मध्यंतरी एका शेतकरी स्नेह्यांशी हा विषय काढला. ते म्हणाले, “अहो, बैल उद्या उभा राहिला पाहिजे. त्या वेळी गिधाड कुठं आठवतं?” त्यांचे चुकले असे मला म्हणवले नाही. सुरक्षित औषध तालुक्याच्या दुकानात, परवडेल अशा भावात ठेवणे हे सरकारचे आणि कंपन्यांचे काम आहे.

ते जमते, हे नेपाळने दाखवले. तेथील पिठौली गावात लोकांनी म्हातारी गुरे सांभाळली, त्यांना घातक औषधांपासून दूर ठेवले आणि नैसर्गिक मृत्यूनंतर ती गिधाडांसाठी ठेवली. या खानावळीला त्यांनी नाव दिले ‘जटायू’. नेपाळात पांढऱ्या पाठीची गिधाडे पुन्हा हळूहळू वाढू लागली आहेत. आपल्याकडेही जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढलेली वीस गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली. पण एकदा उडाल्यावर ती कोणत्या गावच्या माळावर उतरतील, ते वनखाते ठरवू शकत नाही.

हा केवळ पक्षिप्रेमींचा प्रश्न नाही. गिधाडे गेल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला आहे. सडणारी कलेवरे, दूषित पाणी आणि वाढलेली कुत्री यांची ती किंमत.

चार देशांनी करायचे ते बरेचसे केले. आपल्यापैकी अनेकांचे गावी घर आहे, भावाच्या, काकांच्या गोठ्यात दोन-चार जनावरे आहेत. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा एवढेच विचारा, ‘जनावराला इंजेक्शन कोणते देता?’ उरलेली लढाई त्या उत्तरावर अवलंबून आहे.