रुईचं माहेर

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर रुईची सहा झुडपं होती. मंगळवारी सकाळी जेसीबी आला, दुपारपर्यंत जागा सपाट झाली. आता तिथे फुलपाखरांसाठी बाग करणार म्हणे. झाडांची यादी पाहिली: पेटुनिया, झेंडू, क्रोटन. संताप आला तो त्या यादीचा.

कुणी विचारेल, नुसती फुलझाडं लावली तर? नाही भागणार. मध फुलपाखरू मिळेल त्या फुलावर पितं, अंडं मात्र ठरल्या झाडावरच घालतं. आपली खानदेशची लेक सुरतेत नांदो की पुण्यात, पहिल्या बाळंतपणाला जळगावची गाडी धरून माहेरी जाते. प्लेन टायगर या केशरी फुलपाखराचं माहेर म्हणजे रुई. मादी पानाखाली एकेक अंडं घालते. अळी बाहेर पडली की आधी अंड्याचं टरफल खाते, मग पानाकडे वळते. रुईचा चीक विषारी, म्हणून अगोदर शीर कुरतडून त्याचा ओघ तोडते आणि मगच पान खाते. तरी पानातलं विष अंगात साठतं, पंख फुटल्यावरही राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी त्या केशरी रंगाच्या वाटेला पुन्हा जात नाही.

त्याच रंगाच्या धाकावर डॅनेड एगफ्लायची मादी जगते. तिच्यात विष नाही, रूप तेवढं तसं. नर मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके असलेला. तिच्या अळ्या घोळीवर वाढतात, आपण भाजीला खुडतो त्याच घोळीवर. म्हणजे रुई गेली की प्लेन टायगर जाणार आणि एगफ्लायचा आडोसाही जाणार. काही फुलपाखरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण रुई नि घोळ उपटायला कुणाला विचारावं लागत नाही. पेव्हर ब्लॉक हे या शहराचं आणखी एक दुखणं आहे. ते बसले की फटीतली घोळसुद्धा संपते.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, चांगलं केलं. पण मान फुलपाखराला द्यायचा तर तो त्याच्या झाडालाही द्यायला हवा.

बागवाल्यांना माझी विनंती आहे, कोपऱ्यात दोन रुया लावा. आणि वाचकहो, शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडाल, तेव्हा प्रत्येक पान उलटून बघा. खाली बारीक पांढरा ठिपका दिसला, तर तेवढं पान झाडावरच राहू द्या.