बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा

पावसाळ्यात आगाशीत वीज गेली की मुलांचा अभ्यास लॅपटॉपच्या बॅटरीवर येतो. म्हणून पालकांना आम्ही आधी एकच सांगतो : चार्जर दिवसरात्र लावून ठेवू नका. लिथियम बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर झिजते.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ‘टीएलपी’ हा मोफत प्रोग्राम टाका. वीज गेल्यावर तो स्वतःच बचत सुरू करतो. लॅपटॉपमध्ये सोय असल्यास त्याच्या सेटिंगमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवताही येते. २०२५ मध्ये आलेल्या ‘ग्नोम ४८’ डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येही हा पर्याय आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र बॅटरी पूर्ण भरा. वीज गेली की पहिल्यांदा स्क्रीनचा उजेड कमी करा. जास्त बॅटरी तोच खातो.