आधी विळा, मग पंप



कापूस-ज्वारीवाले म्हणतील, रावेर-यावलच्या केळीशी आमचे काय? केळीवाला बागायतदार. पण पावसाळ्यात बागेत सिगाटोका करपा शिरला की त्यालाही तेच ऐकवतात, जे तुम्हाला ऐकवतात : शेतकरी अडाणी, वेळेवर फवारत नाही. शेतकीची पदवी घेऊन आम्हीही काही वर्षे हेच सांगत फिरलो. कबूल आहे.

करपा बुरशीचा. आधी पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके, मग पान जळते. निसवणीला आठ-दहा धड पाने नसली तर घड पोसत नाही, फळ अवेळी पिकते, व्यापारी भाव पाडतो. बुरशीचे बीज वाऱ्यावर उडते, बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या बागेत करपलेली पाने लोंबत असली तर तुमच्या औषधाचा पैसा पाण्यात! म्हणून सगळ्या गावाने एकाच आठवड्यात रोगट पाने कापून बागेबाहेर जाळावीत, चर काढून साचलेले पाणी काढावे. मगच फवारणी, पानाच्या खालूनसुद्धा, आणि औषध आलटूनपालटून. होंडुरासमध्ये १९७० च्या दशकात एकच बेनोमिल मारत राहिले. थोड्याच वर्षांत बुरशी त्याला पुरून उरली. २०१७ साली गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, ते आपण भोगलेच.

पाने कापण्यात दुकानदाराला कमिशन नाही, म्हणून तो विळ्याचे नाव काढत नाही. औषधाला अनुदान मागणारे पुढारी पुष्कळ; पाने कापण्याच्या मजुरीला का नको? केळीवाले मेळाव्यात हा ठराव मांडतील तेव्हा कापूसवाल्यांचे हात आधी वर दिसले पाहिजेत.