प्रेक्षक आहेत, जागा द्या

‘लहान गावात नाट्यगृह म्हणजे पांढरा हत्ती’ हे गेल्या अंकातले पत्र वाचून वाईट वाटले. वेंगुर्ल्यासारख्या गावात प्रेक्षकच नाहीत, असे पत्रलेखक म्हणतात. त्यांनी एकदा कार्तिकानंतर आमच्याकडच्या कुठल्याही जत्रेला यावे. पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहतो. नट मांडी घालून, हातात आरसा धरून स्वतःच रंग लावतात, पेटाऱ्यातून मुकुट काढतात. एक लाकडी बाकडे, तेच राजाचे सिंहासन. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचतात. समोर शाली गुंडाळून बसलेली माणसे उजाडेपर्यंत हलत नाहीत. मांडीवर पोरे झोपलेली असतात. हे प्रेक्षक नव्हेत तर काय?

मग नाट्यगृह कशाला? पावसाळ्यासाठी! जूनपासून चार महिने देवळाचे आवार चिखलाने भरलेले असते. तालमीला, मुलांच्या नाटकाला, दोन भजनीबुवांच्या डबलबारीच्या सामन्याला कोरडी जागा हवीच. मालवणात नाटककार मामा वरेरकर आणि वेंगुर्ल्यात इथेच जन्मलेले नाटककार मधुसूदन कालेलकर यांची नावे वास्तूंना दिली आहेत, ती नुसती पाटीवर राहू नयेत.

जिल्ह्यातल्या एका सभागृहात आमच्या हौशी मंडळाला तालमीसाठी लग्नाइतकेच भाडे सांगितले. वर पाहिले तर खाऱ्या हवेने दिव्यांचे ब्रॅकेट गंजलेले. हत्ती पांढरा नाही हो, उपाशी आहे. तालमीला सवलतीचे भाडे आणि दर पावसाळ्याआधी दुरुस्ती, एवढे तरी नगरपरिषदांनी करावे.

— एक हौशी रंगकर्मी, वेंगुर्ले