मानवत : पडद्यावरचं आणि कोर्टातलं

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही सुरुवातीलाच विनंती.

तर झालं असं. सबमिशन संपलं त्या रात्री होस्टेलवर आम्ही सात-आठ जणांनी एका लॅपटॉपपुढे दाटीवाटीने बसून ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका पाहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली, आठ भागांची. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या पुस्तकावर बेतलेली. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे. पहाटेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मालिका झकास आहे, त्याबद्दल वादच नाही.

मानवत आपल्याला परकं नाही. परभणी जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातलं. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. गुप्तधनासाठी हे नरबळी दिले, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आजी सांगते, त्या दिवसांत आमच्या गावातसुद्धा दिवेलागणीनंतर पोरींना घराबाहेर सोडत नसत. आधीच बहात्तरचा दुष्काळ, त्यात ही दहशत.

या खटल्यातली मुख्य आरोपी बाई पारधी समाजातली. मालिका संपल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, “पारध्यांचं काय, असलंच असतं.” सगळे हसले. मीही हसलो. आमच्यातच एक मित्र त्या समाजातला आहे. तो काही बोलला नाही. उठला, पांघरूण घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मला काही झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी कोर्टाचा निकाल शोधून वाचला, आणि चाटच पडलो. ज्या दोघांना आम्ही रात्रभर खुनामागचे सूत्रधार म्हणून पाहिलं, ते दोघे अखेर निर्दोष सुटले होते! सेशन्स कोर्टाने दोषी ठरवलं, पण वरच्या कोर्टांत ते टिकलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ चा. इतर काही आरोपींची शिक्षा मात्र कायम राहिली. आम्हा आठ जणांपैकी एकालाही ‘पुढे कोर्टात काय झालं?’ असं विचारावंसं वाटलं नव्हतं.

याच प्रकरणावर १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात पात्रांची नावं बदललेली आहेत. नाव बदललं की लेखकाला मोकळीक मिळते, हे मला मान्य. पण खरं नाव, खरं गाव घेतलं की जबाबदारी वाढते की नाही?

उलट उदाहरणही आहे. नानावटी खटल्यावर मराठीत मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ हे नाटक आलं, हिंदीत अनेक सिनेमे आले. २०१६ च्या ‘रुस्तम’मध्ये ज्युरी नायकाला निर्दोष सोडते, आपण टाळ्या वाजवतो. खऱ्या नानावटींना मात्र हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे तिथे दोषी ठरलेला आपल्या लेखी हिरो, आणि इथे सुटलेले कायमचे गुन्हेगार. एकीकडे पांढरा युनिफॉर्म, दुसरीकडे पारध्याची झोपडी. फरक कशामुळे पडतो, हे सांगायला हवं का?

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आमच्या खोलीतून तो अजून गेलेला नव्हता.

आणि ते दहा जीव? त्यात पाच मुली साधारण दहा वर्षांच्या, एक वर्षाचं एक बाळ, आणि चार बायका. तपास करणारा साहेब आम्हाला पाठ, आरोपी पाठ. त्या पोरींपैकी एकीचं तरी नाव सांगा म्हटलं, तर सगळे गप्प.

असे सिनेमे, नाटकं काढूच नयेत असं मी म्हणत नाही. जरूर काढावीत. पण मित्रांनो, पाहून झाल्यावर निकालही वाचा. तो काही सिलॅबसच्या बाहेरचा नाही.

त्या मित्राला मी ‘सॉरी’ म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ दे रे, सवय आहे.”

त्या ‘सवय आहे’मुळेच हा लेख लिहिला.