पहिला पगार आणि प्रकृती

पदवी हाती येताच मुलांच्या मनात पगाराचा एक आकडा घर करतो. तो न मिळाल्यास निद्रानाश व आम्लपित्त घेऊन ती दवाखान्यात येतात. पालकहो, आधी आकडा समजून घ्यावा. ‘सीटीसी’मध्ये भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटाही बहुधा धरलेला असतो, शिवाय मूळ वेतन व महागाई भत्त्यातून कर्मचाऱ्याचे सामान्यतः १२ टक्के कापले जातात. म्हणून हाती पडणारी रक्कमच विचारावी. वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे का, हेही पाहावे; तीत अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात. खोलीभाडे, सकस जेवण आणि प्रवास यांची बेरीज करून किमान अपेक्षा ठरवावी. शेजारच्या मुलाचा पगार त्या बेरजेत धरू नये.